आधी थांबून दाखवा

पिंपळे सौदागरमध्ये गाडीविषयी मत नसलेला माणूस सापडणं अवघड. तळमजल्यावर टेल्कोतून रिटायर झालेले काका. कंपनीचं नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झालं, पण काकांना ते कळवण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही. दुसऱ्या मजल्यावर आकुर्डीच्या बजाजमधले साहेब, पाचव्यावर चाकणच्या जर्मन कंपनीतलं जोडपं. अशा बिल्डिंगमधला एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा लिफ्टमध्ये सहज म्हणून जातो, "आमची टीम इलेक्ट्रिक रेस कार बनवतेय," आणि लिफ्ट वर पोचेपर्यंत त्याची चौकशी समिती नेमलेली असते. ॲव्हरेज किती? डिकी आहे का? पासिंग एमएच-१४ चंच ना? गाडीला डिकी नाही, पासिंग नाही आणि माणूस एकच बसतो, हे ऐकल्यावर काका सहानुभूतीने विचारतात, "मग प्लेसमेंटचं काय?"

गाडी खरी असते, स्पर्धाही खरी असते. अमेरिकेत १९८० च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही परंपरा १९९८ मध्ये इंग्लंडला आणि २००६ मध्ये जर्मनीला पोचली. जर्मनांनी २०१० पासून इलेक्ट्रिक गाड्यांना वेगळा गट दिला. आपल्याकडची 'फॉर्म्युला भारत' जानेवारीत कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रिक गाडी थेट सिल्व्हरस्टोनला नेली होती. इकडे निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगची 'क्रॅटोस रेसिंग इलेक्ट्रिक' आहे. पुण्यात तर टीम नसलेलं कॉलेज शोधावं लागेल.

बाहेरच्याला वाटतं, रेस म्हणजे वेग. तोही असतो म्हणा. सप्टेंबर २०२३ मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांच्या 'मिथेन' नावाच्या गाडीने शून्य ते शंभरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठून जागतिक विक्रम केला. आपल्या कोकणे चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याचा पहिला हॉर्न वाजायला साधारण एवढाच वेळ लागतो. पण नियमावली उघडली की कळतं, ही गाडी किती पळते याची आयोजकांना फारशी फिकीर नाही. त्यांचा प्रश्न एकच, ती थांबते कशी?

व्होल्टेज ६०० च्या वर नको, पॉवर ८० किलोवॅटच्या वर नको. ॲक्सिलरेटरच्या पेडलला एक सेन्सर पुरत नाही, दोन लागतात. त्या दोघांत दहा टक्क्यांहून जास्त मतभेद होऊन ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त टिकले, तर मोटरची वीज तोडायची. (हा नियम सोसायटीच्या कमिटीला लावला तर कोरमसुद्धा उरणार नाही.) ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवायचं. गाडी साठ अंश आडवी केली तरी थेंबभर काही गळता कामा नये. ब्रेक टेस्टला आधी वेग घ्यायचा, मग मोटरची वीज बंद करायची आणि नुसत्या ब्रेकवर चारही चाकं लॉक करून सरळ रेषेत उभं राहायचं.

टीम ड्रायव्हर म्हणून सगळ्यात हडकुळा मुलगा निवडते, कारण वजन. पण कॉकपिट त्याच्या मापाचं करून चालत नाही. नियमात 'पर्सी' नावाचे एक काल्पनिक गृहस्थ आहेत. शंभरातल्या पंचाण्णव पुरुषांपेक्षा धिप्पाड, हेल्मेटसकट तीनशे मिलिमीटरचं डोकं असलेले. ते कधीच गाडी चालवत नाहीत, पण सीट त्यांच्या मापाची. लग्नघरातल्या दूरच्या मामांसारखं त्यांचं सगळं आधी बघावं लागतं.

हाय व्होल्टेज चालू असेल तर गाडीच्या माथ्यावर लाल दिवा लुकलुकला पाहिजे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, इथे मात्र त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मोटर आवाज करत नाही, म्हणून निघण्यापूर्वी एक ते तीन सेकंदांचा इशारा वाजवायचा. त्यात प्राण्याचा आवाज नको, गाण्याचा तुकडा नको, कुणाला लागेल असं काही नको. म्हणजे ढोल-ताशातल्या मुलांनी आधीच ठरवून ठेवलेलं सगळं बाद.

बॅटरीचा डबा हलवायचा तर हातगाडीवरून, आणि त्या हातगाडीलाही नियम. चार चाकं हवीत, ब्रेक कायम लागलेला हवा, मूठ दाबली तरच सुटायला हवा. पिंपरी कॅम्पातल्या भाजीवाल्याने हा नियम वाचला तर तो धंदा सोडेल.

हे सगळं बनतं कुठे? कागदावर कॉलेजात, प्रत्यक्षात भोसरी एमआयडीसीत. लेझर कटिंग एकीकडे, टिग वेल्डिंग दुसरीकडे, पावडर कोटिंग तिसरीकडे. गाळ्याचे मालक दिवसभर मोठ्या कंपन्यांचे जॉब काढतात आणि मुलांना सांगतात, "रात्री साडेनऊनंतर या, व्हीएमसी मशीन रिकामं होईल." रात्री साडेनऊला दोन मुलं आणि एक मुलगी अपराइटचं ड्रॉइंग घेऊन हजर. अपराइट म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो तुकडा.

"किती नग?"

"दोन, काका."

"दोनशे?"

"दोनच."

शेठ चष्मा कपाळावर चढवून ड्रॉइंग डोळ्यांजवळ नेतात. "बेअरिंगच्या बोअरला टॉलरन्स दिलास, बरोबर. पण या बाहेरच्या कडेलाही पाच मायक्रॉन? इथे काय हवा बसवणार आहेस?"

"सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे तेच सिलेक्ट झालं," मुलगी प्रामाणिकपणे सांगते. शेठ खिशातलं पेन काढून सहा ठिकाणी काट मारतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात उपयोगी तास असावा, आणि त्याची हजेरी कुठे लागत नाही. पैशांचा विषय निघाल्यावर मुलं म्हणतात, गाडीवर तुमचा लोगो लावू. शेठ म्हणतात, लोगो लहान लावा, पण खाली मोबाइल नंबर टाका.

मग सबमिशन, ओरल आणि उरलेलं वायरिंग एकाच आठवड्यात उरकून गाडी टेंपोत चढते. कोईमतूर इथून हजार किलोमीटरच्या पुढे. पळायचं असतं त्यातलं मुख्य अंतर २२ किलोमीटर, म्हणजे साधारण पिंपळे सौदागरहून चाकण.

तिथे गेल्यावरही पळायला लगेच मिळत नाही. एकूण १००० गुणांपैकी ३२५ गाडी जागची न हलवता मिळवायचे असतात. डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशोबाचे १०० आणि धंद्याच्या योजनेचे ७५. परीक्षक एखाद्या बोल्टवर बोट ठेवून विचारतात, हा इथेच का? "सिनिअरने लावला होता," हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही.

आणि मग रेन टेस्ट. गाडी स्टँडवर उचललेली, ड्रायव्हर नाही, हाय व्होल्टेज चालू. दोन मिनिटं सगळीकडून पाण्याचा फवारा. पाणी बंद झाल्यावर आणखी दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं. वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपते का, यावर आयएमडी नावाची छोटी पेटी पाळत ठेवून असते. किंचित संशय आला तरी ती सगळं बंद पाडते. एरवी पुजाऱ्यालाही वाकून नमस्कार न करणारी मुलं त्या दोन मिनिटांत आयएमडीला काय काय बोलतात ते छापण्यासारखं नाही. पेटी गप्प राहिली की एक स्टिकर मिळतो. त्या स्टिकरचे जेवढे फोटो निघतात तेवढे गाडीचेही निघत नाहीत.

शेवटी एन्ड्युरन्स, ते २२ किलोमीटर. मध्यात ड्रायव्हर बदलायचा, गाडी बंद करून पुन्हा चालू करायची, आणि इथेच अनेकांचं घोडं अडतं. शंका आली की थांबायचं, हे वर्षभर शिकवलेली गाडी नेमकी त्या क्षणी शिकवलेलं आठवते. एखादा कनेक्टर सैल निघतो, शटडाऊन सर्किट उघडतं, लाल दिवा जाऊन हिरवा लागतो. नियमाप्रमाणे सगळं अगदी बरोबर झालेलं असतं. निकालात फक्त नावापुढे 'डीएनएफ' लागतं, म्हणजे 'डिड नॉट फिनिश'.

मुलगा घरी परततो तो सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी. विषय क्रमांक सात, बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना चार्जिंग पॉइंट. त्याच्या वडिलांनीच मागणी केलेली असते, आणि घरचा तज्ज्ञ म्हणून ते त्याला उभं करतात. तो विचारतो, अर्थिंगचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे? इमर्जन्सी स्टॉप कुठे असेल? पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी किती साचतं? सेक्रेटरी खजिनदारांकडे बघतात, खजिनदार पंख्याकडे. टेल्कोचे काका पहिल्यांदाच म्हणतात, "पोरगं तयार झालंय हो." ठराव पुढच्या सभेवर जातो.

वडिलांची स्कूटर तोवर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सोडलेल्या वायरवर चार्ज होत असते. रात्री जेवण झाल्यावर मुलगा ती वायरही गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पीएमपीएमएलच्या स्टॉपवर उभे असतात, आणि शेजारचे विचारतात, "काय, गाडी विकली?"