पाळणा आमच्या टायमाचा

तिवशात कोणत्याही विषयावर मत मिळतं, आणि पानठेल्यावर तर ते पानासोबत फुकट मिळतं. गावाला लागून नागपूर–अमरावती हायवे. जाणारे-येणारे ट्रक मोजण्याची सवय लागल्यामुळं जग कुठं चाललंय ते आपल्याला नेमकं ठाऊक आहे, असा इथं प्रत्येकाचा समज. तरीपण अमेरिकेतल्या एका घसरगुंडीवरून आमच्या पानठेल्यावर भांडण होईल, आणि दोन सख्खे साडू आठवडाभर एकमेकांशी बोलणार नाहीत, असं मला वाटलं नव्हतं.

झालं असं की २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तोंड उतरलेलं. मला वाटलं, नोकरी गेली. आईला वाटलं, सून गेली. तो म्हणाला, “दादा, स्प्लॅश माउंटन बंद झाला.”

हा डोंगर म्हणजे डिस्नेच्या बागेतला एक खेळ. ओंडक्यासारख्या नावेत बसायचं, पाण्यातून गाणी ऐकत, हलत्या-बोलत्या ससे-कोल्ह्यांच्या मधून जायचं आणि शेवटी पन्नासेक फुटांवरून धाडकन खाली. कॅलिफोर्नियात तो १९८९ साली सुरू झाला, फ्लोरिडात १९९२ साली. त्यातले ससे-कोल्हे आले ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ च्या सिनेमातून. मळ्यावर राबणारे काळे लोक किती सुखात नांदत होते, असं दाखवणारा हा सिनेमा इतका अडचणीचा, की खुद्द डिस्नेनं तो अमेरिकेत कधी कॅसेटवर-डीव्हीडीवर विकायला काढला नाही. सिनेमा कपाटात आणि त्यातला ससा डोंगरावर, असं तीसेक वर्षं चाललं. शेवटी कंपनीनं ठरवलं, की सशाला रजा द्यायची आणि तिथं टियानाला बसवायचं. टियाना ही २००९ च्या सिनेमातली डिस्नेची पहिली काळी राजकन्या. डोंगर तोच, पाणी तेच, उडीही तीच. फक्त गाणी आणि मंडळी नवी.

त्यावरून तिकडं रडारड. काहींनी तर त्या खेळातलं पाणी बरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला काढलं.

“तीर्थ असन,” आजी म्हणाली. तिला यात काहीच विचित्र वाटलं नाही.

मी ही बातमी संध्याकाळी पानठेल्यावर सांगितली, आणि तिथंच तिच्यावरचा माझा ताबा सुटला. मोठे काकाजी पान लावून घेत होते. त्यांनी चुना पुसायलाही वेळ घेतला नाही. “चालत्या गोष्टीले हात लावू नये, एवढं साधं कळत नाही का त्यायले? बहिरमच्या पाळण्याचं काय झालं, पाह्यलं ना?”

आता बहिरम. परतवाडा–बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ भरणारी ही यात्रा. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते ती जानेवारी संपत आला तरी उठत नाही. थंडी अशी की गोवरीच्या विस्तवावर भाजलेले रोडगे आधी हातात धरायचे, मग खायचे. मातीच्या हंडीतलं मटण खायला अर्धा जिल्हा तिथं लोटतो. आणि पाळणे. लहानपणी आम्ही पाळणा म्हणायचो तो लाकडी होता. चार खोके, फिरवायला दोन माणसं, आणि कुरकुर असा आवाज की वर बसलेल्याला देव आठवावा. मग लोखंडी आला, इंजिनावर फिरणारा. आता रंगीत दिव्यांचा आहे. रात्री दुरून पाहिला तर कुणाच्या तरी लग्नाची वरात आकाशात अडकून पडल्यासारखा दिसतो. त्याच्या बाजूला टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन ट्रेन आणि झुलतं जहाज, ज्याला सगळी यात्रा कोलंबस म्हणते.

“हातानं फिरवत तवा त्यात माणुसकी होती,” काकाजी म्हणाले. “वर गेल्यावर आवाज देल्ला का थो थांबवे. आता बटन दाबलं का पाच मिनिटं, बटन दाबलं का उतरा खाली. हे काय पाळणा होय? हे त पिठाची चक्की होय.”

त्यांच्या साडूबुवांचं म्हणणं, जुन्या पाळण्याचा खिळा निसटला असता तर माणुसकीसकट सगळेच खाली आले असते. इथून वाद पेटला.

वाद घरी पोचला तेव्हा आजी भाजी निवडत होती. तिनं एकदाच विचारलं, “कोन म्हनते हे? मोठा? थो कई बसला पाळण्यात? आम्ही साऱ्या वर बसो, अन थो खाली उभा राहून आमच्या चपला सांभाळे.”

काकाजी पाणी प्यायला आत गेले. पण आजीच्या या एका वाक्यानं मला साऱ्या भांडणाची किल्ली सापडली. पाळणा बदलू नये म्हणून जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो, त्यानं बहुतेक करून पाळण्याचं तिकीट काढलेलं नसतं. तिकीट काढून बसणारी पोट्टी रांगेत एकच प्रश्न विचारतात, “आमचा लंबर कवा?”

आणि मूळचा पाळणा कोणता, हाही प्रश्नच. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६२० साली तुर्की मुलखात फिरत असताना त्यानं माणसांनी फिरवायचा असा पाळणा पाहून लिहून ठेवला आहे. लोखंडी महाकाय अवतार आला तो १८९३ साली, शिकागोच्या प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फूट उंच चाक उभं केलं. त्याला ३६ डबे, प्रत्येक डब्यात ६० माणसं. म्हणजे एका खेपेला २,१६० लोक वर. आपले विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं, त्याच वर्षी, त्याच गावात भरलेली. प्रदर्शन होतं कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून. आज बहिरमला कोलंबस आणि पाळणा शेजारी शेजारी उभे असतात, दोघांनाही एकमेकांची ओळख नाही. फेरिसला त्या चाकातून पैसा काही मिळाला नाही. तीन वर्षांत तो वारला, आणि १९०६ साली त्याचं चाक सुरुंग लावून पाडलं. ‘जपा, जपा’ म्हणणारे तेव्हा कुठं होते कोण जाणे. बहुतेक चपला सांभाळत असतील.

खरं तर राइडवरून भांडण ही आमच्या तालुक्याची जुनीच परंपरा. कौंडण्यपूर तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं, रुक्मिणीचं माहेर. कृष्णानं तिला इथूनच रथात बसवून नेलं. आमच्याकडची ती पहिली राइड, आणि तिच्यावरही भावाचं, म्हणजे रुक्मीचं, मत वेगळं होतंच. बसणारीला कुणी विचारलं नाही असं मात्र नाही. तिनंच तर निरोप धाडला होता.

पण वऱ्हाडातली सगळ्यात लाडकी राइड विचाराल तर ती शकुंतला. अडीच फुटी रुळांवरची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडी. ब्रिटिश काळात किलिक-निक्सन कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणायला टाकलेली. मँचेस्टरहून आलेलं १९२१ सालचं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. अचलपूर ते मूर्तिजापूर हे पाऊणशे किलोमीटर अंतर ती चारेक तासांत कापायची. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं जायची, तो पुन्हा फाटक उघडून पळत डब्यात चढायचा. आमच्याजवळ नदीपलीकडं आर्वी, तिथून पुलगावला ३५ किलोमीटरची तशीच बारकी लाइन होती. तिलाही लोक शकुंतलाच म्हणत.

डिझेल आलं तेव्हा वाफेच्या इंजिनासाठी लोक हळहळले. ब्रॉडगेजची गोष्ट निघाली तेव्हा डिझेलसाठी हळहळले. पुण्या-मुंबईचे पाहुणे गळ्यात कॅमेरा अडकवून येत, खिडकीतून कापसाच्या शेतांचे फोटो काढत आणि म्हणत, “हे असंच राहिलं पाहिजे हं!” मग मूर्तिजापूरला आपल्या गाडीत बसून एसी लावत. रोज बसणारी बाई, डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन एस्टीच्या मानानं किरकोळ भाड्यात जाणारी, तिचं मत वेगळं होतं. तिला गाडी जुनी का नवी याच्याशी घेणं नव्हतं. ती यावी आणि वेळेवर यावी, एवढंच. गाडी बंद पडली तेव्हा अचलपूरकडच्या लोकांनी सत्याग्रह केला, तोही ‘गाडी पाहिजे’ म्हणून. ‘चित्रासारखी पाहिजे’ असं कुणी म्हटलं नाही. झालं काय, तर अरुंद लाइन बंद झाली आणि रुंद लाइन आजवर कागदावर धावते आहे. जुनं जपायचं की नवं करायचं, या वादात दोन्ही हातचं गेलं, आणि वाद तेवढा सुरळीत चालू आहे.

काकाजींना मी बहिरमचीच आठवण करून दिली. तिथं पूर्वी देवापुढं बोकड कापत. गाडगेबाबांनी तिथं जाऊन कीर्तनं केली, लोकांना फैलावर घेतलं, आणि ती प्रथा बंद पडली. चालत्या गोष्टीला हात लावू नये हा नियम बाबांनी पाळला असता तर? काकाजी विचारात पडले. त्या सशाचंही तसंच आहे. ज्या गाण्यावर एकाची पोरं टाळ्या वाजवतात, त्याच गाण्यात दुसऱ्याच्या आज्याची टिंगल असेल, तर गाणं बदलावं; उडी आहे तेवढीच ठेवावी. मामेभावानं २०२४ मध्ये नवा खेळ सुरू झाल्यावर पोरीला नेलं. ती सलग दोनदा बसली. ससा कुठं आहे असं तिनं विचारलं नाही. विचारत होता तो बापच.

काकाजींची एक गोष्ट मात्र मला शंभर टक्के पटते. पाळणा वर गेल्यावर जरा थांबला पाहिजे. बहिरमला रांगेत उभ्या असलेल्या माझ्या पोरीलाही मी विचारलं, नव्या पाळण्यात काय पाहिजे? ती म्हणाली, “वरी थांबला पाहिजे.” बाकी लोखंड बदला, रंग बदला, गाणी तर बदलाच, पण हे बटणवाल्याला कुणीतरी सांगा.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात बहिरमला याच. रोडगे खा, हंडी खा. आणि ‘जुना पाळणा बरा होता’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी नव्यात एक चक्कर मारून या. चपलांची काळजी करू नका, काकाजी खाली उभे असतात.