कुठला विठ्ठल, कारखान्याचा?

माझा भाचा जहाजावर आचारी आहे. घर जळगावला, आजोळ आमच्याकडे पंढरपूरला आणि चुलाणं भर समुद्रात. 2018 साली जहाज पकडायला त्याला कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर उतरावं लागलं. आदल्या सप्टेंबरात इर्मा नावाच्या चक्रीवादळानं तिथल्या विमानतळाच्या इमारतीचं पार वाटोळं केलं होतं. धावपट्टी मात्र शाबूत. मग त्या लोकांनी मोकळ्या जागेत तंबू ठोकले आणि महिन्याभरात विमानं सुरूही केली. भाचा सुट्टीवर आला तो ही कथा घेऊनच. "मामा, पासपोर्टवर शिक्का तंबूत, सामानाची तपासणी तंबूत! अख्खा विमानतळ तंबूत!"

दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी तोंडात बोटं घातली असती. आमच्या ओट्यावर शेजारचे नाना बसले होते. त्यांचं प्रासादिक भांडार आहे, म्हणजे आयुष्य चुरमुरे, बत्तासे आणि गर्दी यांत गेलेलं. त्यांनी विचारलं, "तंबूत पाणी होतं का?"

"होतं."

"लाइट?"

"होती."

"खाली मुरूम टाकला होता का नुसता चिखलच?"

"फरशी होती, नाना."

"मग तुझं अडलं कुठं?" असं म्हणून नाना उठले.

त्यांचं चुकलं नाही. ज्या गावात आषाढीला काही लाख माणसं येतात, तिथं पक्की इमारत ही निव्वळ हौस असते. खरा कारभार बांबू, पत्रा, सुतळी आणि चुना यांवर चालतो. दर्शनाची रांग देवळातून निघते ती थेट गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. त्या पत्र्याखाली माणसं वीस-वीस तास उभी असतात आणि तक्रार काय, तर पुढचा टाळ बेसूर वाजवतोय. नदीपलीकडे 65 एकर म्हणून जी जागा आहे, तिथं वारीच्या दिवसांत तंबूंचं एक शहर उभं राहतं. त्या शहरात दवाखाना असतो, पोलीस चौकी असते, आणि आपला तंबू न सापडणारी माणसं तर हमखास असतात.

आणि एसटी! हा कारभार कुठल्याही विमानतळाच्या तोडीस तोड आहे. 2025 च्या आषाढीला महामंडळानं 5,200 जादा गाड्या सोडल्या. गावातल्या एका स्थानकात एवढ्या गाड्या मावायच्या कशा? म्हणून यात्रेपुरती गावाच्या कडेनं चार तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात. मांडव, पाण्याचा टँकर, चौकशीचा टेबल, कर्णे आणि एक घसा बसलेला कंट्रोलर. इथवर सगळं उत्तम. घोळ आहे तो बारशात. या चार स्थानकांची नावं चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल कारखाना.

आता पंढरपूर न पाहिलेल्या माणसानं विचार करावा. कर्ण्यावरून आवाज येतो, "मुंबईकडं जाणाऱ्या प्रवाशांनी चंद्रभागेवर जावे." आणि मुंबईचं भाविक कुटुंब बोचकी घेऊन निमूटपणे वाळवंटात जाऊन उभं राहतं. समोर नदी, होड्या, पुंडलिकाचं देऊळ. गाडी सोडून सगळं. भूगोल शिकलेल्या माणसाची पंचाईत आणखी मोठी. चंद्रभागा म्हणजेच भीमा, गावाजवळ ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला इथं ते नाव पडलं, हे त्याला पाठ असतं. त्यामुळे चंद्रभागा स्थानकाची गाडी तो भीमा स्थानकावर शोधतो. भीमा देगावला. तिथं मराठवाडा आणि विदर्भाच्या गाड्या लागतात. त्या गर्दीत मुंबईचा माणूस सापडला की परभणीची मंडळी त्याला आधी भाकरी देतात, मग पत्ता.

पण खरा पेच उरलेल्या दोघांचा. विठ्ठल आणि पांडुरंग हे एकच, असं सगळे संत सांगून गेले. एसटीच्या हिशेबात मात्र या दोघांत सामान डोक्यावर घेऊन चालणाऱ्याचा चांगला घाम काढणारं अंतर आहे. पांडुरंग आयटीआयजवळ, तिथून कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गाड्या. नाशिक, धुळे, जळगाव विठ्ठलाकडे. भाचा एका द्वादशीला जळगावला निघाला. सेंट मार्टिनच्या तंबूतून सुखरूप बाहेर पडलेला माणूस. चौकात त्यानं पोलिसाला विचारलं, "विठ्ठलाकडं कसं जायचं?"

यात्रेत या प्रश्नाचं उत्तर हजारदा देऊन झालेलं असतं. पोलिसानं शिट्टी तोंडातून न काढता हातानं रांग दाखवली. हा मुकाट्यानं रांगेत शिरला. मागे शे-दोनशे माणसं जमल्यावर त्यानं पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, जळगाव गाडी इथंच लागते ना?"

"लागंल की," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आधी दर्शन तर होऊ दे."

बांबूच्या बारीतून मागे फिरता येत नाही. जळगावची गाडी गेली. भाच्याला मात्र सकाळी पदस्पर्श दर्शन घडलं, तेही आजोळी राहून पूर्वी कधी न घडलेलं. (पंढरपूरकर दर्शनाला उद्या जाऊ म्हणतो. हा उद्या काही पिढ्यांना पुरतो.)

मोठी उलथापालथ आमच्याकडेही झालीच. 2020 साली करोनानं पायी वारी बंद पडली. मे महिन्याच्या अखेरीस सरकारनं जाहीर केलं की संतांच्या पादुका हेलिकॉप्टर, विमान किंवा बस यांतून पंढरीला जातील. गावात विमानतळ नाही, पण त्यामुळे चर्चा अडली नाही. पादुकांना खिडकीकडची जागा मिळेल का, टाळ हातातल्या सामानात चालतो की वजन करून द्यावा लागतो, यावर टाळेबंदीतही ओट्या-ओट्यावरून अंतर राखून वाद झाले. शेवटी 30 जूनला पादुका निघाल्या त्या फुलांनी सजवलेल्या एसटीतून, मोजक्या वारकऱ्यांसह. जवळजवळ तीन आठवड्यांची वाट काही तासांत संपली. नानांनी त्या वर्षी चुरमुऱ्याचं एक पोतंही फोडलं नाही, आणि ते त्याबद्दल अजून बोलत नाहीत.

मग 2024. देवळाच्या जतनाचं काम निघालं आणि 15 मार्चपासून अडीच महिने पदस्पर्श बंद. सकाळी काही तास लांबून मुखदर्शन, एवढीच सोय. खुद्द देव पर्यायी व्यवस्थेवर! बाहेरगावचे हळहळले. आम्ही म्हणालो, त्याला काय नवीन आहे? परंपरा सांगते की कृष्णदेवरायानं ही मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. त्याआधीची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. दारात देव आला तेव्हा पुंडलिकाचे हात आईवडिलांच्या पायांवर होते. पाट मांडायला सवड नव्हती, म्हणून हाताला आली ती वीट त्यानं फेकली आणि जरा थांबा म्हणाला. निविदा नाही, आराखडा नाही, उद्घाटनाची फीतही नाही. त्या सोयीला अठ्ठावीस युगं झाली. दुरुस्तीची मागणीही अजून आलेली नाही.

आता सोलापूरला विमान उतरतं. तिथल्या साखर कारखान्याची चिमणी आड येते म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं, जून 2023 मध्ये ती पाडली आणि जून 2025 मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. भाच्याचं जहाज गोव्याला लागलं की तो त्याच विमानानं येणार म्हणतो. आईला त्यानं आग्रह केला, "आजी, तुलाही एकदा गोव्याला नेतो."

आईनं पंच्याहत्तरी ओलांडलीय. एसटीत तिला तिकीट पडत नाही, आणि या हक्कावर ती अख्खा महाराष्ट्र हिंडते.

"विमानात म्हाताऱ्यांना फुकट आहे का रे?"

"नाही, आजी."

"निदान बायकांना अर्धं?"

"तेही नाही."

"मग तू ये विमानानं," आई म्हणाली. "मी तुला उतरवून घ्यायला एसटीनं येते सोलापूरला. फक्त कुठल्या स्टँडावर उतरायचं तेवढं नीट विचारून ठेव."