भाऊजी आणि बिनछपराचं म्युझियम

स्टॉकहोमला लेकीकडे राहून आल्यापासून आमच्या भाऊजींना म्युझियमचं वेड लागलं आहे. तिथे त्यांनी 'वासा' नावाचं जहाज पाहिलं. स्वीडनच्या राजानं मोठ्या हौसेनं बांधलेलं हे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच कलंडून बुडालं. १९६१ मध्ये ते वर काढलं आणि पुढे त्याच्याभोवती अख्खं संग्रहालय बांधलं. लोक तिकीट काढून ते बघतात. "बुडालेल्या जहाजाचं त्यांनी एवढं कौतुक केलं, आणि आपण?" हा प्रश्न भाऊजींनी कुडाळ स्टेशनात विचारायला घेतला तो एसटी मालवणात शिरेपर्यंत. कंडक्टरलाही तो एकदा विचारून झाला.

मालवणच्या जेटीवर उतरल्या उतरल्या त्यांनी एका वयस्क तांडेलाला गाठलं.

"अहो, इथे सागरी इतिहासाचं म्युझियम कुठे आहे?"

तांडेलानं नुसती हनुवटी समुद्राकडे वळवली. "ह्यां समोर काय दिसता? तिकीट काढा नि बसा."

समोर सिंधुदुर्ग होता. भाऊजींच्या चेहऱ्यावर पहिली शंका उमटली ती अशी, की याला छप्पर नाही.

होडी सुटली तसे भाऊजी लाइफ जॅकेटसकट उभे राहिले आणि आमच्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, इतिहास सांगू लागले. "काकानू, उभे रवू नकात," मागून आवाज आला, "काय तो इतिहास बसान सांगा." भाऊजी बसले. पण इतिहास खरा होता. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे. पायाच्या दगडांत शिसं ओतलं आणि तीन वर्षांत ४८ एकरांचा किल्ला उभा राहिला. म्हणजे वासा बुडाल्यावर चाळीस वर्षांच्या आत. फरक एवढाच, की हा अजून बुडालेला नाही, त्यामुळे त्याच्यासाठी म्युझियम बांधायचं कोणाला सुचलं नसावं.

होडी सरळ जात नाही. पाण्याखाली खडकच खडक, आणि तांडेल त्यांच्यामधून नागमोडी नेतो. मालवणच्या माणसाला हे खडक तोंडपाठ, परक्या गलबताला नाहीत. तेव्हा तटावरच्या तोफांचं अर्धं काम हे खडकच करत असणार. भाऊजींना मात्र प्रवेशद्वाराची पाटी दिसेना. पाटीच काय, दारही दिसत नव्हतं. दोन बुरुजांच्या बगलेत ते असं लपवलं आहे की होडी अगदी तटाखाली येईपर्यंत समोर नुसती भिंत. ज्याला आत घ्यायचं नाही त्याला दार सापडूच नये, हा हेतू साडेतीनशे वर्षांनंतर भाऊजींच्या बाबतीतही तडीस गेला. ताईनं त्यांना हाताला धरून आत नेलं.

आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे. भाऊजी माहितीफलक शोधत राहिले, बाकीचे नमस्कार करून पुढे गेले. शिवराजेश्वराच्या देवळात त्यांचा आणखी गोंधळ उडाला. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या या देवळातल्या मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर जिरेटोपही नाही. गावातली माणसं त्याला नाविकाची टोपी म्हणतात. कॅलेंडरवरचे महाराज पाहून वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मला विचाराल तर आरमार उभं करणारा राजा समुद्रात असाच शोभतो.

खरी पंचाईत पुढे झाली. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. एका घरामागे एक गुळगुळीत, मधे खोलगट झालेला काळा दगड दिसला. भाऊजी गुडघे टेकून त्याचे चारही बाजूंनी फोटो काढू लागले. घरातून आजी बाहेर आल्या.

"हा कुठल्या काळातला?" भाऊजींनी विचारलं.

"माज्या सासूच्या. कपडे धुवचो धोंडो तो. सरा आता, बादली ठेवची आसा."

खाऱ्या समुद्राच्या मधोमध इथे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. भाऊजींना मधुमेह. "तुम्ही दहीबावीपाशीच उभे राहा," ताई म्हणाली. तिला स्वतःला सगळ्यात भावले ते तटातले शौचकूप. आपल्याकडच्या पर्यटनस्थळांवर हिंडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, सतराव्या शतकातली ही सोय तिला तोफांपेक्षा मोठी वाटेल.

१७६५ मध्ये हा किल्ला इंग्रजांनी घेतला, त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं आणि थोड्याच काळात कोल्हापूरकरांना परत देऊन टाकला. ठेवण्यात नफा नाही आणि पाडायचा तर पडत नाही! कंपनीला हिशेब चांगला कळायचा.

परतीच्या होडीत तांडेलानं बातमी दिली: इथे खरोखरचं म्युझियम होणार आहे. नौदलाची 'गुलदार' ही युद्धनौका, १९८५ मध्ये पोलंडहून घेतलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली, निवतीच्या समुद्रात तळाशी न्यायची योजना आहे. तिच्यावर प्रवाळ धरतील, मासळी वस्तीला येईल आणि पर्यटक पाण्याखाली जाऊन ती बघतील.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ते बुडालेलं वर काढतात, आणि आपण तरंगणारं बुडवणार?"

"आमच्या बापाशीन होडी बुडा नये म्हणान जल्मभर गाऱ्हाणां घातल्यान," तांडेल वल्हं आवळत म्हणाला. "आता सरकार बोट बुडूक गाऱ्हाणां घालतलां. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या होडीनं साथ दिली. त्यात भाऊजींचा आवाज सगळ्यात मोठा, आणि ते पुन्हा उभे राहिले होते.

कल्पना वाईट नाही. लोखंडी सांगाड्यावर प्रवाळ आणि मासे खरोखरच वस्ती करतात, जगात इतरत्र तसं झालंही आहे. तोवर तरंगतं म्युझियम उघडं आहेच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सिंधुदुर्गाचंही नाव लागलं. मात्र पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा किल्ल्याची होडी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन झाला, समुद्र निवला, की मग जा. आणि तांडेल सांगेल तेव्हा बसा.