सूर्यास्ताकडे पाठ

शेजारच्या काकूंच्या अंगणात दोन आंब्यांच्या मध्ये एक काळी तार ताणलेली आहे. परवा त्यांच्या नव्या मावशींनी तिच्यावर दोन ओल्या चादरी वाळत घातल्या आणि काकांचा आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात आला. मी गॅस बंद करून कुंपणाशी गेले. कढीपत्त्याचं निमित्त होतंच.

"काय झालं हो काकू?"

"काय व्हायचंय! सकाळपासून हे त्या रेडिओशी खटपट करतायत. म्हणे सूर्यावर काहीतरी झालंय, आज जपान लागत नाही. खिडकीतून बाहेर बघितलं, तर अँटेनावर चादरी!"

काका हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा दिलेले, परवाना मिळवलेले, स्वतःचं ओळखचिन्ह असलेले. आपल्याकडची ती चिन्हं 'व्हीयू'नं सुरू होतात. काका आपलं चिन्ह देवाच्या नावासारखं उच्चारतात.

"ते जाऊ दे," काकू कढीपत्ता तोडत म्हणाल्या. "आमचं डिसेंबरात अंदमान ठरतंय."

"अय्या, मस्त! सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, राधानगरचा किनारा..."

"मलाही तेच वाटलं होतं. म्हटलं, लग्नानंतर इतक्या वर्षांनी सुचलं माणसाला. मग ह्यांची वही हाती लागली. जेल चौथ्या पानावर. पहिल्या तीन पानांवर नुसती अँटेना!"

"पण मग अंदमानच का? रेडिओ इथूनही चालतो की."

"तीच तर गंमत. आपल्यासाठी अंदमान भारतातच ना? पण ह्या लोकांची जगाची एक यादी असते, तिच्यात तीनशे चाळीस 'देश'. त्यात अंदमान-निकोबार वेगळं, लक्षद्वीपही वेगळं. तिथून बोलणारे फार थोडे. त्यामुळे तिथून कोणी हाक दिली की इटलीपासून जपानपर्यंत सगळे एकदम तुटून पडतात. त्याला हे 'पाइलअप' म्हणतात. इथे ह्यांना कोणी विचारत नाही गं. तिथे शंभर जण रांगेत. जावंसं वाटणारच."

एवढं बोलून काकू जरा हळव्या झाल्या. पण लगेच हॉटेलवर आल्या.

"हॉटेलवाल्याला ह्यांनी फोन केला. मी म्हटलं, नाश्त्याचं विचारा. ह्यांनी विचारलं, गच्चीवर तार बांधू द्याल का? खोलीजवळ लिफ्टची मोटर आहे का? एलईडी दिवे किती? त्यांच्यामुळे रेडिओत खरखर येते म्हणे. समुद्र मात्र जवळ हवा, खाऱ्या पाण्यावरून आवाज लांब जातो. तो बिचारा म्हणाला, 'साहेब, हनिमून पॅकेज पाहिजे का?'"

मी हसून कुंपणावर रेलले.

"आणि सामान?"

"दहा मीटर तार, ती वीस मीटरच्या बँडला, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याला. वीस मीटर तार, ती चाळीसच्या बँडला. उभी करायला गळाची फायबरची काठी. रेडिओ, पॉवर सप्लाय, केबलची भेंडोळी. लिथियमची बॅटरी सामानात टाकायची नाही, हातातल्या बॅगेत घ्यायची, असा विमानाचा नियम. म्हणजे माझी पर्स गेली! वर म्हणतात, तिथून रेडिओवर बोलायच्या परवानगीचा कागद हातात पडल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. हे मात्र पटलं मला."

"आणि तुम्ही काय करणार तिथे?"

"मी? अगं, मला तर त्यांच्या भाषेत नावही आहे. एक्सवायएल. वायएल म्हणजे तरुण मुलगी. लग्न झालं की पुढे एक्स लागतो. एक्स म्हणजे माजी! एकदा कुणा ऑस्ट्रेलियातल्याला हे सांगत होते, 'माय एक्सवायएल इज मेकिंग टी.' मी कपबशी आपटली ती मेलबर्नला ऐकू गेली असेल."

खरं भांडण मात्र सूर्यास्तावरून आहे. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारालाच सूर्य मावळतो. सगळे पर्यटक त्या वेळी किनाऱ्यावर. आणि नेमक्या त्याच वेळी, दिवस-रात्रीच्या सीमेवर, चाळीस मीटरचा बँड लांबवर उघडतो, दूरचे देश लागतात. म्हणजे अख्खं अंदमान मावळतीकडे बघत असताना काका खोलीत, कानाला हेडफोन लावून, सूर्याकडे पाठ करून बसणार.

"मग नका जाऊ," मी म्हटलं. आगीत तेल ओतणं हा शेजारधर्मच.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तसं नाही गं. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद म्हणून एक बाई माणसं घेऊन तिकडे गेल्या होत्या. ह्याच वेडापायी. कित्येक वर्षांनी तिथून हॅम रेडिओ बोलत होता, जगभरचे लोक रांगेत होते. सव्वीस तारखेला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी. फोन बंद पडले. त्या बाईंनी पाइलअप बाजूला ठेवला आणि त्याच रेडिओवरून निरोप पाठवायला लागल्या. अमका जिवंत आहे, तमका सुखरूप आहे. हौसेला नेलेली पेटी, बेटाचा टपालवाला झाली. हे मला ह्यांनी सांगितलं ना, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यानंतर मी त्या तारेला नावं ठेवणं कमी केलंय."

"कमी?"

"बंद कशाला करू? संसार आहे."

आतून काकांनी हाक मारली. जपान लागलं होतं. काकूंनी चादरी खांद्यावर टाकल्या, कढीपत्ता माझ्या हातात दिला आणि जाता जाता तडजोड सांगितली. सहा संध्याकाळी आहेत. तीन रेडिओच्या, तीन काकूंच्या. जेल काकूंच्या वाट्याला आणि त्या दिवशी हेडफोन खोलीवर. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून काकांची सही घेतली आहे.

घरात असा छंद असलेल्यांनी हॉटेल नंतर बघावं. सूर्यास्त आधी वाटून घ्यावेत.