पाइप फुटलाच नव्हता

रात्री सव्वातीनला भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत दोनच प्रकारची माणसं जागी असतात. पाण्याची वाट पाहणारी आणि सर्व्हरची वाट लावणारी. मी दोन्हींत मोडतो. सोसायटीचा पंप साडेतीनला सुरू होतो आणि कंपनीचा रात्रीचा रिपोर्ट तीनला तयार व्हायचा असतो. त्यामुळे एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बादली हा माझा पहाटेचा गणवेश आहे.

त्या रात्री रिपोर्ट तयार झाला नाही. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: पाइप वाचता येत नाही, वेळ संपली. कंपनीतला नवा मुलगा घाबरला, त्याने सगळं पुन्हा सुरू केलं आणि मजकूर येत असतानाच तो वाचणारा प्रोग्राम मारून टाकला. त्याबरोबर खाली दुसरी ओळ उमटली: ब्रोकन पाइप. त्याने मला फोन केला. घरात रेंज नसते म्हणून मी गॅलरीत गेलो आणि रागाच्या भरात जे ओरडलो ते असं होतं: ‘‘अरे, पाइप तुटलाय! तीन तास झाले, पाइपातून थेंबभर काही येत नाहीये! दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते बघ आधी!’’

यातला ‘थेंबभर’ हा शब्द मी का वापरला, हे मला अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तेवढा पुरला. आजींनी सुनेला उठवलं, सुनेने सेक्रेटरीकाकांना, काकांनी वॉचमनला. पाइप फुटल्यावर शहाणा माणूस जे करतो तेच काकांनी केलं. पाच मिनिटांत मेन व्हॉल्व्ह बंद.

आता हा पाइप म्हणजे काय, ते सांगायला हवं. (सोसायटीच्या सभेत सांगून झालं आहे, पण तिथे कोणी ऐकलं नाही.) संगणकात एका प्रोग्रामच्या तोंडून निघालेला मजकूर थेट दुसऱ्याच्या घशात ओतायची जी सोय असते, तिला पाइप म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर 1964 मध्ये एक टिपण लिहिलं. बागेत पाणी घालायच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे गोष्ट मुळात पाण्याचीच. पुढे 1973 साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ते काम एका रात्रीत करून टाकलं. नऊ वर्षं पाठपुरावा आणि एका रात्रीत काम, हे वाचल्यापासून ही माणसं मला आपल्याकडचीच वाटतात.

पाइपाला माप असतं. लिनक्समध्ये तो 65,536 बाइटांचा असतो. देवनागरीतला हा अख्खा लेख त्यात तीन वेळा सहज मावेल. पाइप भरला की ओतणारा थांबतो, रिकामा झाला की पिणारा थांबतो. जो आधी शिरला तो आधी बाहेर पडतो. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये याच्या बरोब्बर उलट चालतं. चर्चगेटला आधी शिरलेला भाईंदरकर आत असा दाबला जातो, की खाडी ओलांडल्यावरच सुटतो.

आणि पिणाराच उठून गेला तर? तर ओतणाऱ्याला यंत्रणा एक संदेश पाठवते, त्याचा क्रमांक 13. तो आला की ओतणारा जागच्या जागी मरतो, आणि तो संदेश न जुमानता जगलाच, तर त्याच्या कपाळी 32 क्रमांकाची चूक मारली जाते: ब्रोकन पाइप. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण बेल लॅब्जपर्यंत कशी पोचली असेल, याचा मी बराच विचार केला आहे. तात्पर्य, तुटलेलं काही नसतं. पलीकडे माणूस नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण हे पहाटे चार वाजता लुंगीतल्या सेक्रेटरीकाकांना समजावणं अवघड असतं. ‘‘पाइप तुटलाय असं तुम्हीच ओरडलात ना?’’

‘‘हो, पण तो पाइप सर्व्हरमधला.’’

‘‘सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे?’’

इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडं. भाईंदरला खाडी आहे, समुद्र आहे, मिठागरं आहेत. पिण्याचं पाणी मात्र लांबून, उल्हास नदीतून आणि बारवी धरणातून येतं. सूर्या धरणाच्या योजनेत रोजच्या 403 दशलक्ष लिटरांपैकी 218 दशलक्ष लिटर आमच्या वाट्याचे आहेत, हा आकडा इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. अशा गावात भरल्या टाकीचं पाणी अडवायला कारणीभूत ठरलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात, ते मी त्या सकाळी जिन्यात अनुभवलं. बायकोने तर पिंपावर झाकण ठेवत एवढंच विचारलं, ‘‘तुला कंपनीत पाइप बघायला ठेवलंय, हे लग्नाच्या वेळी का नाही सांगितलंस?’’

व्हॉल्व्ह प्लंबरने तपासल्याशिवाय उघडायचा नाही, असं काकांनी जाहीर केलं. नऊ वाजता प्लंबर आला. केंद्रापाड्याचा. ओडिशातला तो जिल्हा देशभर प्लंबर पुरवतो. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी संस्थाच आहे. पाइप कुठे फुटलाय, असं त्याने विचारलंच नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘‘पाइप बाद में देखेंगे. पहले बोलो, नल किसका खुला है?’’

‘‘कुणाचाच नाही,’’ काका म्हणाले.

‘‘सब ऐसाच बोलते हैं. पहले अपना घर देखो.’’

मी तिथून निघालो तो थेट लॅपटॉपवर. काम पुन्हा चालवलं, ते पुन्हा तसंच अडकलं. कोणत्या प्रोग्रामने काय काय धरून ठेवलंय, हे दाखवणारी एक आज्ञा असते, एलएसओएफ. रात्रभर मी ओतणाऱ्या प्रोग्रामचीच झडती घेत होतो. तो बिचारा दोन मिनिटांत काम उरकून केव्हाच झोपी गेला होता. यादीत पाइपाचं ओतायचं टोक अजून एकाच्या हातात दिसलं. वाचणाऱ्याच्याच! म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या.

पाइप तयार होतो तेव्हा त्याची दोन्ही टोकं तयार करणाऱ्याच्या हातात असतात. त्यातलं नको असलेलं टोक आपण आठवणीने सोडायचं असतं. नाहीतर वाचणाऱ्याला ‘संपलं’ हे कधीच कळत नाही. पंगतीत एक जरी वाढपी बादली घेऊन उभा असला, तरी माणूस ताटावरून उठतो का? जिलबी येईल म्हणून बसूनच राहतो. माझा प्रोग्राम तसाच तीन तास बसला होता, आणि रिकामी बादली त्याच्या स्वतःच्याच डाव्या हातात होती. एक ओळ घातली, रिपोर्ट दोन मिनिटांत बाहेर आला. मुलाला फोन करून सांगितलं की दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते सापडलं. कोण, ते सांगितलं नाही.

खाली येईपर्यंत प्लंबरने सगळे पाइप बघून व्हॉल्व्ह उघडला होता. फुटलेलं काही सापडलं नाही. एक नळ मात्र उघडा सापडला, सेक्रेटरीकाकांच्या मोरीतला. पहाटे पाणी का येत नाही हे बघायला त्यांनीच तो सोडला होता आणि बंद करायचा राहिला होता. काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही विषय वाढवला नाही.

पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात माझ्या नावावर एक ओळ जास्त होती: न फुटलेल्या पाइपाची तपासणी, 400 रुपये. मी ते मुकाट्याने भरले.