शहाण्यांच्या वर्गातला मूर्ख

'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगितली आणि शेवटी पढतमूर्खांची. आपला निबंध आपणच लिहिणारा कॉलेजातला विद्यार्थी दोन्हींत बसत नाही. त्याच्यासाठी तिसरा वर्ग काढावा, आणि तो मानाचा असावा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात गाइड मिळते, सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स मिळते. आता तर मोबाइलला सांगितले की प्रस्तावनेपासून समारोपापर्यंत सगळे हजर. तरी हा मूर्ख 'नदीप्रदूषण' हा विषय सोडून 'भिडे पुलाखालची मुठा' एवढाच तुकडा मागून घेतो. एवढ्याशा विषयावर चार पाने कशी भरणार? भरतात. विषय लहान केला की त्यात शिरता येते. पुलावर उभे राहून पाणी पाहता येते, महापालिकेचा पर्यावरण अहवाल उघडून आकडे ताडता येतात, काठावरच्या माणसांशी बोलता येते. एवढे केल्यावर 'प्रदूषण ही गंभीर समस्या आहे' हे वाक्य त्याच्या हातून उतरतच नाही.

पुढचा मूर्खपणा आणखी मोठा. रात्री खपून लिहिलेला पहिला परिच्छेद तो सकाळी खोडतो, कारण खरे म्हणणे दुसऱ्यात सुरू झालेले असते. रूममेटला मोठ्याने वाचून दाखवतो; जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडतो. मग आपल्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच शोधतो, आणि उत्तर सापडले नाही तर मत बदलतो. मला त्याची ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. लिहिताना ज्याचे मत जरासुद्धा हलत नाही, त्याने लिहिले कशाला?

या वेडाची परंपरा मोठी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिकवत होते. तेविशीत, १८७४ साली, त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढले आणि जवळजवळ सगळा मजकूर एकहाती लिहीत वर्षानुवर्षे चालवले. हिशेबी माणूस असल्या फंदात पडत नाही.

आजच्या मूर्खाला एवढ्या खटाटोपानंतर बहुधा गाइडवाल्याइतकेच अंतर्गत गुण मिळतात, कधी एखादा कमीच. कारण ठरलेले मुद्दे ठरलेल्या क्रमाने आलेले नसतात. प्राध्यापकांनो, गठ्ठा मोठा असतो आणि वेळ थोडा, हे मान्य. पण असा एखादा निबंध हाती आला, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि समासात दोन शब्द लिहा.