फाईल उघडून नाई राह्यली, भाऊ!
(फ्लेक्सच्या दुकानात नव्यानं बसणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

मोर्शीत बाराही महिने कशाचा ना कशाचा फ्लेक्स लागतोच. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेकरूंचं स्वागत, मग लग्नसराई, मग पोळा, गणपती, आणि अधूनमधून अशा माणसाचा वाढदिवस ज्याला ‘भावी’ हे विशेषण मिळून बरीच वर्षं झाली आहेत. त्यामुळे कम्प्युटर क्लास संपवलेल्या पोट्ट्याला इथं काम मिळतं. त्याला चेहरा कापता येतो, मागे आभाळ लावता येतं, नेत्याचा कुर्ता पांढऱ्याचा भगवा आणि भगव्याचा पुन्हा पांढरा करता येतो. पण समोर फाईल आहे आणि ती उघडतच नाही, तेव्हा काय करायचं, हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. ही मार्गदर्शिका त्यासाठी आहे. वाचताना गिऱ्हाईक काउंटरला रेलून तुमच्या स्क्रीनकडे बघत उभं आहे असं गृहीत धरलं आहे, कारण ते असतंच.

पायरी पहिली. माउसवरचा हात काढा. पहिल्या डबल क्लिकला जी फाईल उघडली नाही ती सातव्याला उघडत नाही. उलट, फोटोशॉप जागं झालं की ते सातही क्लिकचा हिशेब मागतं. या वेळात गिऱ्हाईक विचारेल, “काऊन भाऊ, काय झालं?” यावर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं सांगू नये. ते बँकेचं उत्तर आहे, आणि फ्लेक्सच्या दुकानात सर्व्हर नसतो हे आता गिऱ्हाइकालाही माहीत झालं आहे. ‘व्हायरस आहे’ असंही म्हणू नये. पेनड्राइव्ह त्याच्या साळ्याचा असतो.

पायरी दुसरी. संदेश वाचा. ही पायरी सगळ्यांत सोपी आहे आणि आजवर कोणीही केलेली नाही. चौकट आली की बोट आपोआप ‘ओके’वर जातं. जणू चौकट ही माशी आहे आणि ती हाकलायची असते. फोटोशॉपची तक्रार बहुतेक वेळा ‘कुड नॉट कम्प्लीट युवर रिक्वेस्ट बिकॉज’ अशी अदबीनं सुरू होते. इथवर वाचून लोक थांबतात. खरी गोष्ट ‘बिकॉज’च्या पुढे असते.

‘नॉट द राइट काइंड ऑफ डॉक्युमेंट’ असं असेल तर फाईलचं नाव एक सांगतं आणि पोट दुसरं. ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाईल’ म्हणजे फाईल अर्धीच आली, बाकीची रस्त्यात राहिली. ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असेल तर फाईलचा काही दोष नाही, तुमच्या सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. तिथले सिनेमे पुसा. आणि एक संदेश असा येतो की त्यात एसओएफएन, डीक्यूटी, डीएचटी आणि शेवटी एसओएस अशी अक्षरं असतात. एसओएस वाचून घाबरू नका, जहाज बुडालेलं नाही. जेपीजी फाईलच्या आत ठरावीक खुणांमागून चित्राचा मजकूर येतो. ‘स्टार्ट ऑफ स्कॅन’ ही खूण आली, पण तिच्या आधी यायला हवे होते ते तक्ते आलेच नाहीत, एवढंच त्या संदेशाचं म्हणणं असतं. बहुतेक वेळा ती फाईल जेपीजी नसतेच, किंवा डाउनलोड करताना तिचं पोट बिघडलेलं असतं.

पायरी तिसरी, आणि खरं तर हाच सगळा धंदा आहे: फाईलला नव्हे, आणणाऱ्याला उघडा. ती इथवर कशी आली ते विचारा. “मले काय मालूम, पोट्ट्यानं पाठोला,” हे पहिलं उत्तर येईल. ते उत्तर नाही, ती प्रस्तावना आहे. पोट्टा कुठं आहे? पुण्यात. फोन कोणता? इथं गिऱ्हाइकाची मान जरा ताठ होते. “आयफोन हाये.” झालं, निम्मा रोग सापडला.

ॲपलनं २०१७ मध्ये आयओएस ११ पासून आयफोन ७ आणि पुढच्या फोनांवर फोटो हेइक प्रकारात साठवायला सुरुवात केली. कमी जागेत तोच फोटो मावतो, म्हणून. व्हॉट्सॲपवरून तो नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर वाटेत जेपीजी होऊन येतो, फक्त पार पिचून येतो. म्हणून आपणच दुकानात पाटी लावलेली असते, ‘फोटो डॉक्युमेंट करून पाठवा’. पुण्याचा आज्ञाधारक पोट्टा डॉक्युमेंट करून पाठवतो, आणि मूळचा हेइक जसाच्या तसा मोर्शीत येऊन आपल्या जुन्या फोटोशॉपपुढे उभा राहतो. म्हणजे दर्जासाठी लावलेल्या पाटीनंच दार बंद केलं. उपाय पोट्ट्याच्या हातात आहे. सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट, त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’. पुढचे फोटो जेपीजी निघतील. आधी काढलेले तसेच राहतील, ते वेगळे बदलून घ्यावे लागतील.

इथं नवशिका एक चलाखी करतो. फाईलच्या नावाला शेवटी असलेलं हेइक पुसून तिथं जेपीजी लिहितो. क्रेटवरचं लेबल बदलल्यानं संत्र्याची मोसंबी होत नाही, हे मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात तरी वेगळं सांगायला नको. आधी विंडोजमध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन’ दिसेल अशी खूण करा, मग कोणी काय लेबल लावलं ते कळेल. आणि पोटात काय आहे ते बघायचं असेल तर फाईलची प्रत करून ती नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांचं जंगल दिसेल, पण पहिल्या ओळीत फाईल स्वतःचं खरं नाव सांगते. फोटोशॉपची खरी फाईल ‘८बीपीएस’ अशी सुरू होते. पीडीएफ, पीएनजी यांची नावं जवळजवळ उघडच लिहिलेली असतात. हेइकमध्ये ‘एफटीवायपी’ दिसतं. सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ आणि लगेच पुढे ‘वेबपी’ दिसलं, तर नेत्याचा फोटो गूगलवरून उचललेला आहे. सगळीकडे नुसती कोरी जागा दिसली, तर फाईल सेव्ह होत असताना लाईट गेली होती. तिचा आकार बरोबर दिसेल, आत मात्र शून्यंच शून्यं. अशा फाईलवर वेळ घालवू नका, फोटो पुन्हा मागवा. नोटपॅडमध्ये चुकूनही सेव्ह करू नका.

वेबपी गूगलनं २०१० मध्ये आणलं. आपल्याकडच्या कित्येक कम्प्युटरवर अजून फोटोशॉप ७.० आहे, ते २००२ चं. जन्माला यायला आठ वर्षं बाकी असलेल्या पाहुण्याला ते कसं ओळखेल? खुद्द नव्या फोटोशॉपनंही वेबपी सरळ उघडायला २०२२ उजाडू दिलं. “मोबाईलमंदी तं दिसून राह्यला नं फोटो!” असं गिऱ्हाईक म्हणतं, ते खरंच आहे. मोबाईल काल घेतलेला आहे. ब्राउझरमध्येही तो दिसेल. जेपीजी करून घ्या आणि पुढे चला. नवी आवृत्ती घ्या असा सल्ला या पुस्तिकेला द्यायचा होता. मालकानं तो परिच्छेद काढायला लावला.

लग्नाच्या फोटोंचं कार्ड मात्र थट्टेचा विषय नाही. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातले फोटो वर निम्मे दिसतात आणि खाली करडा पट्टा येतो, किंवा अजिबात उघडत नाहीत, तर त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नका, कार्ड फॉरमॅट करू नका, ‘रिपेअर करू का’ असं विंडोजनं विचारलं तर नाही म्हणा. कार्ड बाजूला ठेवा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्डाची यादी न बघता फाईलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं आणि सापडतील ते फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून देतं. सगळे मिळतीलच असं नाही. पण अक्षता पडतानाचे मिळाले तर पोटभर जेवण आणि पुढच्या लग्नाचं काम पक्कं.

आता नवशिक्यानं स्वतः ओढवून घेतलेलं संकट. क्लासमध्ये सांगितलेलं असतं की छपाईला रिझोल्युशन ३००. मग दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स तो ३०० वर करायला घेतो. गणित करा: १२० इंच गुणिले ३०० म्हणजे ३६,००० पिक्सेल रुंदी. फोटोशॉपच्या पीएसडी फाईलची मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि २ जीबी. म्हणजे फाईल पीएसडी म्हणून जतनच होणार नाही, पीएसबी करावी लागेल, आणि ती पीएसबी दुसऱ्या दुकानातलं जुनं फोटोशॉप ओळखणार नाही. तोच फ्लेक्स ७२ वर केला तर ८,६४० बाय ५,१८४ पिक्सेल, आणि बसस्टँडसमोरच्या खांबावर कोणीही भिंग घेऊन चढत नाही. ३०० हे पत्रिकेचं माप आहे, हातात धरून वाचायच्या वस्तूचं.

कोरल ड्रॉची तऱ्हा वेगळी. नव्या कोरलमध्ये केलेली फाईल जुनं कोरल उघडत नाही. छपाईला अमरावतीला फाईल पाठवायची असेल तर तिथं कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारा आणि ‘सेव्ह ॲज’मध्ये ती निवडा. यात अपमान वाटून घेऊ नये. आणि मूळ फाईल मेलीच, तर त्याच फोल्डरमध्ये ‘बॅकअप ऑफ’ असं नाव असलेली दुसरी फाईल कोरलनं गुपचूप ठेवलेली असते. तिला कचरा समजून पुसणारी माणसं या धंद्यात भरपूर आहेत.

सगळ्यांत अवघड प्रकार शेवटी घेतो: फाईल उघडते, पण वाचता येत नाही. वर चेहरे आहेत, हार आहेत, खाली मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा. हे समजायचं तर मोर्शी तालुक्यातल्याच रिद्धपूरला जायला हवं. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी, आणि आता मराठी भाषा विद्यापीठ जिथं आलं ते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षर मराठीच, पण एकाच्या जागी दुसरं. मजकूर समोर, वाचता येईना. शेकडो वर्षं तो मठांच्या बाहेर कोणाला उघडला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांनी ती किल्ली अभ्यासकांपुढे आणली.

आपले जुने मराठी-हिंदी फॉन्ट नेमकं हेच करतात. पुण्याचं श्री-लिपी घ्या किंवा सालबर्डीच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून येणाऱ्या फाईलींतलं कृतिदेव. कृतिदेवात तुम्ही ‘राम’ लिहिता तेव्हा कम्प्युटरच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं पडतात. फॉन्ट असेल तोवर डोळ्यांना राम दिसतो, फॉन्ट नसेल तर जेकेई. किल्ली म्हणजे तो फॉन्ट, आणि तोही नेमका त्याच नावाचा आणि क्रमांकाचा. कृतिदेवाच्या कुलपाला श्री-लिपीची किल्ली लागत नाही. दुसराच मराठी फॉन्ट लावून बघितला की निघतो तो मजकूर कुठल्याच पंथाचा नसतो. फॉन्ट युनिकोड असेल तर हा घोळ नाही, पण मग जुनं फोटोशॉप ‘मोर्शी’वरचा रफार जागेवर चढवत नाही, अक्षराचा पाय मोडून बाजूला ठेवतं. नव्या आवृत्तीत परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ निवडलं की रफार वर जाऊन बसतो.

फाईल बाहेर पाठवताना कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा. अक्षरांची चित्रं होतात, मग फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. फक्त त्याआधी नावं गिऱ्हाइकाकडून मोठ्यानं वाचून घ्या. चित्र झालेल्या अक्षरातली वेलांटी नंतर बदलता येत नाही, आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस नावं असतात.

एवढं करूनही फोटोशॉपच अडून बसलं, कुठलीच फाईल घेईना, तर ते बंद करा आणि कंट्रोल, आल्ट, शिफ्ट ही तिन्ही बटणं दाबून ठेवून पुन्हा सुरू करा. सेटिंग पुसू का, असं ते विचारेल. हो म्हणा. तुम्ही मांडून ठेवलेली सगळी खिडक्या-पट्ट्यांची रचना जाईल आणि अर्धा तास आपलंच दुकान परक्याचं वाटेल, पण काम सुरू होईल.

आता पैशाचं. बिलावर ‘फाईल उघडणे’ असं कधीही लिहू नका. गिऱ्हाईक म्हणेल, “उघड्याचे बी पैसे? मंग बंद कराचे किती घेता?” ‘सेटिंग’ असं लिहा. सेटिंग म्हणजे काय हे मोर्शीत कोणी विचारत नाही आणि तिचे पैसे सगळे देतात. रक्कम मात्र फाईल प्रिंटला जायच्या आधी सांगा. फ्लेक्स एकदा खांबावर चढला की त्यावरचे चाळीसही शुभेच्छुक तुमच्या उधारीच्या वहीत उतरतात.